नॅनोयंत्रांचा ताप जातो कुठे?

दूरच्या भविष्यातली अंतराळ कादंबरी लिहायला घेतलेल्या वाचकांच्या पत्रांत या खेपेला दोनच गोष्टींची गर्दी आहे: नॅनोतंत्रज्ञान (डोळ्यांना न दिसणाऱ्या इवल्या यंत्रांचं तंत्र) आणि माणसाच्या जिवावर उठलेले परग्रहवासी. त्यांतले आठ प्रश्न इथे घेतले आहेत. आकडे गोळाबेरीज आहेत, वहीत सहज करून पाहता येतील असे. उत्तरं फिरून फिरून उष्णतेपाशीच येतात, त्याला आमचा इलाज नाही.

प्रश्न (सांगली): माझ्या कादंबरीत शत्रू पृथ्वीवर नॅनोयंत्रांची एक कुपी फोडतो. यंत्रं स्वतःच्या प्रती काढत सुटतात आणि दोन दिवसांत अख्खा ग्रह खाऊन टाकतात. हे विज्ञानाला धरून आहे का?

दुपटीचं गणित धरून आहे, बाकीचं नाही. नॅनोतंत्रज्ञानाचे सुरुवातीचे पुरस्कर्ते एरिक ड्रेक्सलर यांनी १९८६ मध्ये हेच गणित मांडलं होतं. एका यंत्राला स्वतःची प्रत काढायला १,००० सेकंद लागत असतील, तर दहा तासांत ३६ दुपटी होतात आणि एका यंत्राची ६८ अब्जांवर यंत्रं होतात. दोन दिवस पुरे व्हायच्या आत त्यांचं वजन पृथ्वीपेक्षा जास्त भरतं. आता हाच हिशेब ई. कोलाय जिवाणूला लावा. त्याचं वजन ग्रॅमचा एक लाख कोटीवा हिस्सा, आणि सगळं मनासारखं मिळालं तर तो २० मिनिटांत दुप्पट होतो. १३२ दुपटींत, म्हणजे ४४ तासांत, त्याचंही वजन पृथ्वीएवढं व्हायला हवं. हा जिवाणू आपल्या सगळ्यांच्या आतड्यात आहे आणि पृथ्वी अजून जागेवर आहे.

रक्तबीजाच्या प्रत्येक थेंबातून नवा राक्षस उठतो, पण त्या राक्षसाच्या देहाचा माल कुठून आला आणि तो घडवायची ऊर्जा कुणी दिली, हे पुराणाला सांगावं लागत नाही. तुम्हाला लागेल.

आधी खडक घेऊ. सिलिकाचे बंध तोडून सिलिकॉन आणि ऑक्सिजन वेगळे करायला किलोमागे सुमारे १५ मेगाज्यूल लागतात. घनमीटरभर खडक म्हणजे २,७०० किलो, म्हणजे ४० अब्ज ज्यूल. पृथ्वी सूर्याची जी ऊर्जा शोषते ती दिवस-रात्र आणि ध्रुव-विषुववृत्त सगळं धरून चौरस मीटरला सरासरी २४० वॉट. यंत्रांनी तिच्यातली २० टक्के कामी लावली, तर हाती ४८ वॉट उरतात. या दराने एक मीटर खोल खडक खायला २७ वर्षं जातात, आणि पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आहे. ग्रह फोडून त्याचे तुकडे अंतराळात विखरायचे म्हटलं तर सुमारे २ गुणिले १० चा ३२ वा घात इतके ज्यूल हवेत. अख्ख्या सूर्याचं आठवडाभराचं उत्पन्न ते! एवढी ऊर्जा हाताशी असलेल्या शत्रूला कुपी फोडायची गरजच काय?

झाडं, गवत, प्राणी यांची गोष्ट निराळी. सजीवांचं शरीर हा कच्चा माल आहे आणि हवेतल्या ऑक्सिजनबरोबर तेच इंधनही आहे. पृथ्वीवरच्या सजीवांत मिळून सुमारे ५५० अब्ज टन कार्बन आहे. किलोमागे ४० मेगाज्यूल धरले आणि ती उष्णता साऱ्या पृथ्वीवर पसरली, तर चौरस मीटरला ४.३ कोटी ज्यूल येतात. तुमच्या यंत्रांनी हे दोन दिवसांत उरकलं तर चौरस मीटरला २५० वॉट जादा, म्हणजे आकाशात दुसरा सूर्य ठेवल्यासारखं. महिन्याभरात उरकलं तर साधारण १६ वॉट. हरितगृह वायूंमुळे आज पडणारा जादा बोजा ३ वॉटच्या आसपास आहे, म्हणजे उपग्रहांना हे पहिल्या काही दिवसांतच दिसेल. पण दहा वर्षं घेतली, तर जादा उष्णता भरते जेमतेम ०.१४ वॉट. हा मुद्दा नॅनोतंत्राचे अभ्यासक रॉबर्ट फ्रायटस यांनी २००० मध्ये तपशिलात मांडला आहे: असा फडशा जितका वेगवान, तितका तो तापाने उघडा पडतो. तेव्हा तुमचा शत्रू हुशार असेल तर तो घाई करणार नाही. दोन दिवसांच्या प्रलयापेक्षा दहा वर्षांचा, कुणाच्या लक्षात न येणारा ऱ्हास कादंबरीलाही जास्त मानवेल.

प्रश्न (अमरावती): नॅनोयंत्र नेमकं केवढं दाखवावं? मी एक नॅनोमीटरचं, विचार करणारं यंत्र लिहिलं आहे.

एक नॅनोमीटर (मीटरचा अब्जावा हिस्सा) बाजूच्या हिऱ्याच्या घनात १७६ अणू मावतात. एवढ्यात साधा खटका बसेल, मेंदू बसणार नाही. बाजू १०० नॅनोमीटर केली की तेच १७.६ कोटी अणू होतात, आणि मग हात, थोडी स्मृती, साधी आज्ञावली यांबद्दल बोलता येतं. तेव्हा ०.१ ते १ मायक्रोमीटरच्या दरम्यान राहा, म्हणजे विषाणूपासून जिवाणूपर्यंतचा आकार. ‘विचार’ एका यंत्राला देऊ नका, थव्याला किंवा जहाजावरच्या संगणकाला द्या.

अणू चिमटीत धरून हवा तिथे ठेवणारा हात दाखवणार असाल, तर रिचर्ड स्मॉली या नोबेल मानकरी रसायनशास्त्रज्ञाने २००१ मध्ये घेतलेले दोन आक्षेप ध्यानात असू द्या. हाताची बोटं स्वतःच अणूंची असल्याने ती इवल्या जागेच्या मानाने जाड ठरतात, आणि उचललेला अणू बोटांना चिकटून बसतो. ड्रेक्सलर यांनी त्याला उत्तर दिलं, वाद मिटला नाही. पेशींमधले रायबोसोम मात्र हात न वापरता रोज प्रथिनं जुळवतात. पाण्यात चालणारी, विकरांसारखी यंत्रं लिहिलीत तर कुणी बोट ठेवणार नाही; फक्त ती निर्वात पोकळीत चालणार नाहीत.

प्रश्न (ठाणे): नॅनोयंत्रांचा ढग अंतराळात एका जहाजाकडून दुसऱ्याकडे झेपावतो, वळतो, पाठलाग करतो. चालेल ना?

नाही चालणार. वळायला काहीतरी मागे ढकलावं लागतं, आणि पोकळीत हवा नाही. प्रत्येक यंत्राने स्वतःचं प्रणोदक (मागे फेकायचा माल) बाळगायचं म्हटलं तर यंत्रापेक्षा टाकीच मोठी होते. त्यात सूर्यप्रकाशही ढकलतो. पृथ्वीच्या अंतरावर शोषल्या जाणाऱ्या प्रकाशाचा दाब चौरस मीटरला फक्त ४.५ मायक्रोन्यूटन असतो, पण एक मायक्रोमीटरच्या कणाला तोही जड जातो. कणाची घनता पाण्याच्या दुप्पट धरली, तर हा रेटा सूर्याच्या ओढीच्या सुमारे ४० टक्के भरतो. शिवाय अतिनील किरणांनी कण विद्युतभारित होतात आणि एकमेकांना दूर लोटतात. थोडक्यात, ढग विस्कटतो.

ढगाऐवजी कुपी लिहा. काही किलोचं, स्वतःचं इंजिन असलेलं क्षेपणास्त्र लक्ष्यापर्यंत जातं, अंगाला चिकटतं, आणि यंत्रं तिथून पृष्ठभागावर सरपटत पसरतात. धातूवर सरपटताना त्यांना इंधन लागलं तरी प्रणोदक लागत नाही.

प्रश्न (नाशिक): दोन जहाजांत एक प्रकाश-सेकंदाचं अंतर आहे. लेसरने समोरचं जहाज चिरता येईल?

लेसरचा झोत कितीही सरळ म्हटला तरी पसरतो. १० मीटर व्यासाचा आरसा, एक मायक्रोमीटर तरंगलांबी आणि १०० मेगावॉटचा झोत घ्या. १०,००० किलोमीटरवर ठिपका २.४ मीटर रुंद पडतो आणि चौरस मीटरला २१ मेगावॉट मिळतात. पोलादाचा टिकाव लागत नाही. एक प्रकाश-सेकंदावर, म्हणजे ३ लाख किलोमीटरवर, तोच ठिपका ७३ मीटर होतो आणि चौरस मीटरला २४ किलोवॉट उरतात, पृथ्वीच्या वातावरणाबाहेर पडणाऱ्या उन्हाच्या सतरा-अठरा पट. शत्रूला उकडेल, पण जहाज चिरणार नाही.

आता झोत सोडणाऱ्याकडे बघू, कारण कथेला खरा माल तिथे आहे. लेसरची कार्यक्षमता ३० टक्के धरली तर १०० मेगावॉटच्या झोतामागे २३३ मेगावॉट उष्णता जहाजातच उरते. पोकळीत ती फक्त प्रारण, म्हणजे किरण, होऊन बाहेर जाते. १,००० केल्विनला (सुमारे ७२७ अंश सेल्सिअसला) तापलेला पत्रा एका बाजूने चौरस मीटरला ५६.७ किलोवॉट फेकतो, दोन्ही बाजूंनी त्याच्या दुप्पट. म्हणजे सुमारे २,००० चौरस मीटरचा, साधारण ४५ मीटर लांब आणि तेवढाच रुंद, लालभडक पंखा (फिरणारा नव्हे, पंखासारखा पसरलेला पत्रा) जहाजाला हवाच. मुखपृष्ठावरच्या सुबक, निमुळत्या जहाजांना हे पंखे कधीच नसतात, ही आमची जुनी तक्रार आहे.

आणि नॅनोयंत्रांचं पटणारं शस्त्र इथेच सापडतं. त्यांना जहाज खायला लावू नका, पंखा रंगवायला लावा. काळ्या लेपाची उत्सर्जकता (उष्णता किरणांनी फेकण्याची क्षमता) ०.९ च्या आसपास असते, टंगस्टनच्या स्वच्छ थराची या तापमानाला सुमारे ०.१. पंख्याच्या दोन्ही बाजू मिळून ४,००० चौरस मीटरवर १०० नॅनोमीटर जाडीचा थर द्यायला टंगस्टन लागतं सुमारे ८ किलो. तेवढ्याने पंखा पूर्वीच्या नवव्या हिश्श्याएवढीच उष्णता फेकतो. तेवढीच उष्णता फेकायची तर त्याला १,००० ऐवजी १,७३० केल्विनपर्यंत तापावं लागेल, आणि त्याआधी नळ्यांतलं शीतक दगा देईल. कप्तानापुढे दोनच वाटा उरतात: लेसर आणि अणुभट्टी बंद करणं, किंवा आपल्याच जहाजात शिजणं. बंध तोडायचे नसल्याने हल्लेखोर यंत्रांना ऊर्जा थोडीच लागते, आणि ती पंख्याच्या तापातूनच मिळवता येते. मात्र त्यासाठी कुपीला गार बाजू हवी, कारण सगळं सारखंच तापलेलं असेल तर त्या तापातून काम निघत नाही.

काय बिघडू शकतं? १,००० केल्विनला प्रथिनांसारखी यंत्रं जळून जातात, तेव्हा ती सिलिकॉन कार्बाइडसारख्या पदार्थांची हवीत. आणि बचाव करणाऱ्याने पंख्याचा एखादा भाग हलकेच खरवडत राहणारी फिरती पट्टी बसवली असेल, तर थर टिकत नाही. दोन्ही गोष्टी कथानकात वापरता येतील.

प्रश्न (कोल्हापूर): जहाज अदृश्य करता येईल का?

डोळ्यांपासून हो, उष्णता टिपणाऱ्या दुर्बिणीपासून नाही. मागचं आकाश २.७ केल्विन (सुमारे उणे २७० अंश सेल्सिअस), आणि आत माणसं म्हणजे कवच २९३ केल्विनच्या जवळ. १०० चौरस मीटर कवच ४२ किलोवॉट प्रारण फेकतं. थोडा वेळ लपायचं असेल तर बाहेरचं आवरण थंड करून उष्णता बर्फात साठवा. एक टन बर्फ वितळताना ३३ कोटी ४० लाख ज्यूल पोटात घेतो, म्हणजे या जहाजाला सव्वादोन तास. दुसरी युक्ती म्हणजे शत्रूकडे थंड ढाल आणि पंखे विरुद्ध दिशेला. शत्रूने पलीकडे एक टेहळणी यान ठेवलं की ती संपली.

प्रश्न (न्यू जर्सी): परग्रहवासी शत्रू का असावेत? पाणी, खनिजं, गुलाम, अन्न यांपैकी कोणतं कारण पटेल?

या चारांपैकी एकही नाही. पाण्यासाठी पृथ्वीवर उतरणारा शत्रू हिशेबात कच्चा आहे. गुरूच्या युरोपा चंद्रात बर्फाखाली पृथ्वीच्या महासागरांच्या सुमारे दुप्पट पाणी असावं. पृथ्वीवरून एक किलो माल पार बाहेर न्यायला ६.३ कोटी ज्यूल लागतात, सेरेस या बटुग्रहावरून १.३ लाख. जवळजवळ ४८० पट फरक. खनिजांचंही तेच, लघुग्रहांवरचं लोह-निकेल उकरायला ना वातावरण आडवं येतं ना सैन्य. अन्नाचं म्हणाल तर आपली प्रथिनं डावखुऱ्या अमिनो आम्लांची आहेत (हातमोज्यांसारखी या रेणूंचीही डावी आणि उजवी घडण असते). त्यांचं जीवन उजव्या आम्लांवर चालत असेल तर आपण त्यांना पचणार नाही, आणि तसं नसलं तरी पचू याची खात्री नाही. गुलाम ठेवायला यंत्रांपेक्षा महाग पडतात.

पटणारी कारणं वेळ आणि अंतर यांतून निघतात. प्रॉक्सिमा सेंटॉरी ४.२५ प्रकाशवर्षांवर आहे. प्रश्न विचारून उत्तर यायला साडेआठ वर्षं. ‘तुमचं ते नवं यंत्र कशासाठी आहे?’ असं विचारून खुलासा येईपर्यंत त्या यंत्राच्या पिढ्या बदललेल्या असतात. समोरचा आत्ता काय करतोय हे कधीच कळत नाही, आणि प्रकाशाच्या १० टक्के वेगाने येणाऱ्या एका किलोच्या दगडात ४५० लाख कोटी ज्यूल असतात, सुमारे एक लाख टन टीएनटी स्फोटकाएवढे. पहिला वार करणारा जिंकतो आणि बोलणी फार सावकाश चालतात, अशा ठिकाणी भीती पुरते; दुष्टपणा लागत नाही. याला विरोधी युक्तिवादही द्या: ज्याची वस्ती अनेक ताऱ्यांवर पसरली आहे त्याला पहिल्या वाराने संपवता येत नाही, आणि उरलेले सूड घेतात. कादंबरीतल्या परिषदेत ही दोन्ही मतं भांडली पाहिजेत.

दुसरं कारण उष्णतेतलंच. एका ताऱ्याची ऊर्जा ठरलेली असते, आणि ती वापरून झालेली टाकाऊ उष्णता फेकायला मोकळं, थंड आकाश लागतं. ताऱ्याभोवती एकाने दाट पडदा उभारला तर आतल्याला थंड आकाश मिळत नाही आणि बाहेरच्याला ऊन. शेजाऱ्याने आपल्या खिडकीसमोर भिंत घालावी, तसलं हे भांडण आहे. त्यात कुणीच राक्षस नाही.

तिसरं, आणि नॅनोतंत्राला सर्वांत जवळचं: मालक कधीच संपले आणि स्वतःच्या प्रती काढणारी त्यांची यंत्रं उरली. प्रकाशाच्या १० टक्के वेगाने आकाशगंगा ओलांडायला दहा लाख वर्षं लागतात. वाटेतले थांबे धरले तरी आकाशगंगेच्या वयापुढे ते काहीच नाही. इथे बहुतेक लेखक एक सोपी पळवाट घेतात: प्रती काढता काढता चूक झाली आणि यंत्रं बिथरली. ती सहज पटत नाही. एका बिटात चूक होण्याची शक्यता एक अब्जात एक धरा. आज्ञावलीच्या तीन प्रती ठेवून बहुमताने वाचलं, तर चुकीचा बिट वाचला जाण्याची शक्यता ३३ कोटी अब्जांत एकवर येते. वर तपासणी बेरीज (आकड्यांची बेरीज जुळते का ते पाहून चूक पकडणं) आहेच. सजीवांना एवढी पक्की सोय नाही म्हणून ते उत्क्रांत होतात. नीट बांधलेलं यंत्र होत नाही. तेव्हा बिथरायचंच असेल तर कारण दाखवा. कुणीतरी तपासणी मुद्दाम बंद केली, कारण तिच्यामुळे प्रत काढायला दुप्पट वेळ लागत होता. ते कोणी आणि का केलं, हे शोधणं म्हणजे तुमच्या दुसऱ्या भागाचं कथानक.

प्रश्न (मडगाव): नायकाच्या रक्तातली नॅनोयंत्रं जखम काही क्षणांत भरून काढतात. किती वेळ दाखवावा?

तास. ७० किलोच्या शरीराचं तापमान एक अंशाने वाढायला सुमारे २४५ किलोज्यूल पुरतात. ३७ वरून ४२ अंशांवर जायला १२ लाख ज्यूल, म्हणजे २९० किलोकॅलरी. दोन-तीन पोळ्यांची ऊर्जा. तेवढी उष्णता यंत्रांनी मिनिटभरात सोडली, तर जखम भरेल आणि नायक तापाने जाईल. रक्तस्राव थांबवणं क्षणात चालेल, कारण त्यात नवी पेशी घडवायची नसते. मांस भरायला वेळ, पाणी आणि जेवण द्या. एक लिटर घाम सुकताना सुमारे २४ लाख ज्यूल नेतो, तेव्हा घामाने निथळलेला, सलाईन लावलेला नायक शास्त्राला धरून आहे.

प्रश्न (पुणे): जहाजाचं कवच स्वतःच बुजतं असं लिहिलं आहे. दहा सेंटिमीटरचं भोक एका मिनिटात बुजवू का?

दोन सेंटिमीटर जाड ॲल्युमिनियममध्ये असं भोक म्हणजे सुमारे ४२५ ग्रॅम धातू, ९ गुणिले १० चा २४ वा घात इतके अणू. एक यंत्र सेकंदाला १० लाख अणू बसवत असेल, तर तासाभरात काम संपवायला २६ लाख अब्ज यंत्रं लागतील. १०० नॅनोमीटरच्या मापाने ती अर्ध्या चमच्यात मावतात, संख्येला घाबरू नका. अडचण पुढे आहे. प्रत्येक अणू बसवताना एक इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या पातळीवरचं ऊर्जेचं माप) उष्णता सुटली, तर एकूण १५ लाख ज्यूल होतात. तासाला वाटले तर ४२० वॉट, आजूबाजूचा पत्रा ते ओढून नेईल. मिनिटाला वाटले तर २५ किलोवॉट, तेही हातात मावेल एवढ्या ठिगळात. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, आणि बसवलेलं ठिगळ ओघळून जाईल.

तासभर थांबायला मात्र हवा नसते. १०० घनमीटरच्या खोलीतून एवढ्या भोकाने मिनिटाभरात दाब जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर येतो. म्हणून क्रम असा ठेवा: पहिल्या पाच-दहा सेकंदांत दार बंद आणि आतून दाबाने चिकटणारी तयार तबकडी, मग ठिगळाची जागा तपासणं, फाटलेल्या कडा कापून सरळ करणं, कवचातल्या बारीक वाहिन्यांतून ४२५ ग्रॅम माल आणणं, आणि शेवटी तासभराची विणकाम-यंत्रणा. वाहिन्या त्याच ठिकाणी तुटलेल्या असतील, तर माल बाजूने फिरवून आणावा लागेल. तो प्रसंग लिहिताना भोकाशेजारच्या भिंतीला हात लावणाऱ्या पात्राला चटका बसू द्या.